मुलांसाठी बेतलेली ४४ अक्षरं

'के-एन-आय-एफ-ई, नाईफ' हे आपण लहानपणी घोकून घोकून पाठ केलं. बोलायचाच नाही, तर तो 'के' लिहायचा कशाला, हा मुलांचा प्रश्न अगदी रास्त आहे. एके काळी इंग्रज तो 'के' खरोखर उच्चारत होते. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि पुढे छापील स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं. नेमक्या त्याच काळात उच्चार मात्र झपाट्यानं बदलत होते. लेखन मागे राहिलं, जीभ पुढे गेली. त्यात पंडितांनी भर घातली: कर्ज या अर्थाच्या 'डेट'मध्ये, लॅटिन मुळाची आठवण म्हणून, कधीच न बोललेला 'बी' घुसवला.

याची किंमत मुलं मोजतात. २००३ मध्ये युरोपातल्या १३ भाषांची तुलना प्रसिद्ध झाली. शाळेच्या पहिल्या वर्षाअखेरीस फिनिश, ग्रीक, जर्मन मुलं ओळखीचे शब्द सुमारे ९८ टक्के अचूक वाचत होती. स्कॉटलंडमधली इंग्रजी वाचणारी मुलं ३४ टक्क्यांवर होती. ती वयानं लहान होती हे खरं, पण एवढी मोठी दरी केवळ वयानं पडत नाही.

यावरचा सर्वांत धाडसी उपाय जेम्स पिटमन यांनी केला. आपल्याकडे इंग्रजी लघुलेखन शिकलेल्यांना पिटमन हे नाव ठाऊक असतं. ती पद्धत त्यांच्या आजोबांची. नातवानं ४४ अक्षरांची एक लिपी तयार केली आणि १९६१ पासून ब्रिटनमधल्या शाळांत तिचा प्रयोग सुरू झाला. बहुतेक जुनी अक्षरं तशीच ठेवली, उरलेल्या ध्वनींसाठी जोडाक्षरांसारखी नवी घडवली. कॅपिटल अक्षरं वेगळी नव्हतीच, तीच अक्षरं मोठी काढायची. मुलं भराभर वाचू लागली, मनातलं न घाबरता लिहू लागली. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण खोट मुलांत नव्हती हे त्यातून दिसलं.

अडचण पुढे आली. साधारण सातव्या वर्षी नेहमीच्या स्पेलिंगकडे वळायचं होतं, कारण घरातली पुस्तकं, दुकानांच्या पाट्या, सगळं जुन्याच स्पेलिंगमध्ये. काही मुलं तिथे अडखळली. शिवाय ही अक्षरं दक्षिण इंग्लंडच्या उच्चारांवर बेतलेली. उत्तरेकडच्या मुलाच्या तोंडी स्वर वेगळे. सत्तरच्या दशकात प्रयोग ओसरला.

उच्चाराप्रमाणेच लिहायचं म्हटलं, तर आणखी एक गोष्ट हातची जाते. 'साइन'मधला 'जी' मुका आहे, पण 'सिग्नेचर'मध्ये तो बोलतो. दोन्ही शब्द एकाच कुळातले, हे डोळ्यांना त्या 'जी'मुळेच कळतं. म्हणून सरसकट सफाई मला पटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या हॅरी लिंडग्रेन यांची १९६९ ची सूचना पटते: आधी एकच बदल करा, ऱ्हस्व 'ए'चा ध्वनी ऐकू आला की फक्त 'ई' हे अक्षर लिहा. 'फ्रेंड'मधला 'आय' गेला, 'हेड'मधला 'ए' गेला, अर्थाचं काहीच बिघडलं नाही. मराठीनं १९६२ च्या नियमांत 'नांव', 'कांहीं' यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार असेच काढले, आणि आज त्यांची उणीव कुणाला भासत नाही.

मराठीला नियम ठरवणारं महामंडळ आणि ते स्वीकारणारं शासन होतं. इंग्रजीला असं एक घर नाही. १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ३०० शब्दांची सोपी स्पेलिंग सरकारी छापखान्याला वापरायला सांगितली. काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, त्याच वर्षी ती अडवली. शिकागो ट्रिब्यून या वृत्तपत्रानं १९३४ पासून कित्येक शब्द सोपे करून छापले आणि १९७५ मध्ये तेही थांबवलं. त्यातलं 'टी-एच-आर-यू, थ्रू' मात्र अमेरिकेतल्या रस्त्यांवरच्या पाट्यांवर अजून दिसतं.