टॅनचा फवारा: कातडीवर ठीक, पण श्वासात?

‘महाराष्ट्र श्री’सारख्या शरीरसौष्ठव स्पर्धेत मंचामागे डोकावलं, तर गव्हाळ रंगाची पोरं बघता बघता गडद तांबूस होताना दिसतात. प्रखर दिव्यांखाली स्नायूंचे ‘कट्स’ उठून दिसावेत म्हणून हा खटाटोप. कुणी स्पंजने रंग चोपडतो, कुणी फवारा मारून घेतो. यातले काही रंग वरवरचे, पाण्याने जाणारे. जो रंग आठवडाभर हटत नाही, त्यात बहुधा डायहायड्रॉक्सीॲसिटोन असतं, थोडक्यात डीएचए. पाश्चात्त्य देशांतला स्प्रे टॅनिंगचा अख्खा धंदा याच रेणूवर चालतो.

डीएचए ही तीन कार्बनची साधी साखर. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटी इथल्या मुलांच्या रुग्णालयात संशोधक ईव्हा विटगेनस्टाइन ही साखर ग्लायकोजेनच्या (शरीरात साठवलेल्या साखरेच्या) आजाराच्या मुलांना पाजून बघत होत्या. औषध जिथे सांडलं तिथली कातडी तपकिरी झाली, कपड्यांवर मात्र डाग पडला नाही. कारण डीएचए स्वतः रंग नाहीच. त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मृत पेशींच्या थरातल्या अमिनो आम्लांशी त्याची गाठ पडली की रंग तयार होतो. भाकरीला तव्यावर खरपूस डाग पडतात ती मेलार्ड अभिक्रिया हीच. फक्त इथे तवा लागत नाही. दोन-चार तासांत रंग चढतो आणि मृत पेशी झडतील तसा पाच-सात दिवसांत उतरतो. कोपर आणि गुडघ्यांवर हा थर जाड, म्हणून तिथे रंग जास्त काळपट बसतो आणि बिंग फुटतं!

मग धोका कुठे आहे? क्रीम किंवा लोशन म्हणून बाहेरून लावायला डीएचएला अमेरिकेत १९७०च्या दशकापासून मान्यता आहे. युरोपीय संघाने २०२१ मध्ये अशा उत्पादनांत त्याचं प्रमाण जास्तीत जास्त १० टक्के असं ठरवून दिलं. एखाद्याला पुरळ येतं, खाज सुटते. त्यात डीएचएपेक्षा सुगंध आणि टिकवणाऱ्या रसायनांचाच हात असण्याची शक्यता जास्त. त्यामुळे नुसत्या लोशनची फार धास्ती घ्यावी असं मला वाटत नाही.

फवाऱ्याची गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता आहे ती ‘बाह्य वापरा’ला, आणि त्या व्याख्येत ओठ, डोळ्यांभोवतीचा भाग आणि नाका-तोंडाची श्लेष्मल त्वचा येत नाही. बंद खोलीत बारीक तुषार उडाले की ते नेमके याच जागी जातात, शिवाय श्वासावाटे आतही. आत मृत पेशींचं कवच नाही, सगळ्या जिवंत पेशी. म्हणून फवारा घेताना डोळ्यांवर चष्मा, नाकपुड्यांत फिल्टर आणि ओठांवर जाड बाम हवा. फवारा चालू असताना श्वास रोखून धरायला हवा. गिऱ्हाईक पाच मिनिटांत मोकळं होतं, पण दिवसभर तीच खोली ज्याच्या वाट्याला येते त्या फवारणाऱ्याचं काय? खरी चिंता त्याची. खोलीतली हवा बाहेर ओढणारा पंखा आणि तोंडाला चांगला मास्क त्याला हवाच.

दमा असेल किंवा दिवस गेलेले असतील तर फवारा टाळून हाताने लोशन लावणं बरं.

एवढं असूनही अतिनील दिव्यांखाली झोपून कातडी भाजून घेण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा. त्या टॅनिंग बेडना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००९ मध्ये थेट कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांत, टाकलं.

आपल्याकडे डीएचएचा एक उपयोग फारसा बोलला जात नाही. कोडाचे पांढरे डाग आजूबाजूच्या रंगात मिसळून जावेत म्हणून ते लावता येतं, तेही कापसाने किंवा बोटाने, त्यामुळे हुंगण्याचा प्रश्न येत नाही. मात्र डाग झाकला म्हणजे तिथे मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं उन्हापासून रक्षण करणारं नैसर्गिक रंगद्रव्य, आलं असं नव्हे. डीएचएचा तपकिरी रंग उन्हापासून जेमतेम तीन-चार एसपीएफइतकंच संरक्षण देतो. त्यामुळे त्या जागी सनस्क्रीन पहिल्यासारखंच लावत राहावं लागतं.