एनआयसीयूतलं ‘घरटं’ घरच्या पाळण्यात नको

“अपुऱ्या दिवसांच्या बाळाला घरीही कापडी गुंडाळ्यांमध्ये, मोहरीच्या उशीवर झोपवा, दवाखान्यात तसंच करतात,” हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. गुंडाळ्यांचं खरं आहे, पण दवाखान्यातल्या एनआयसीयूपुरतं, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागापुरतं.

३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचे स्नायू ढिले असतात. नुसतं सपाट ठेवलं तर हातपाय बेडकासारखे फाकतात. म्हणून नर्स दुपट्यांच्या गुंडाळ्यांचं कडं, म्हणजेच ‘घरटं’, करतात: तळपायांना टेकू, हात तोंडाजवळ, हनुवटी मात्र छातीपासून सुटी. पण तिथे बाळाच्या पायाला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो, जरा खाली-वर झालं की मॉनिटर ओरडतो. घरी रात्री तीन वाजता हे कोण बघणार? सरकलेली गुंडाळी नाकावर येऊ शकते.

उशीचं तर कारणच नाही. तान्ह्याचं डोकं मागून मोठं असतं. खाली उशी आली की मान पुढे वाकते, श्वासाची वाट अरुंद होते. बाळाकडे बाजूने बघा, हनुवटी छातीकडे झुकलेली दिसेल.

खात्री हवी असेल तर डिस्चार्जआधी वॉर्डातच विचारा. घरी सोडण्यापूर्वी गुंडाळ्या काढून बाळाला सपाट, घट्ट गादीवर उताणं झोपायची सवय लावतात. डोकं गोल राहावं म्हणून झोपवताना तोंडाची दिशा बदलत राहा आणि जागं असताना, समोर बसून, थोडा वेळ पोटावर ठेवा.