गोरखचिंच (मुंबईतल्या जुन्या बागा-बंगल्यांमधली)

शास्त्रीय नाव ॲडानसोनिया डिजिटाटा. मूळचं आफ्रिकेतलं झाड, नातं चिंचेशी नाही तर काटेसावरीशी, फक्त फळातला गर चिंचेसारखा आंबट लागतो. गोरखनाथांनी याच्याखाली बसून शिष्यांना उपदेश केला म्हणून गोरख, अशी आख्यायिका. मुंबई-वसई भागात हे बहुतेक किल्ल्यात, जुन्या बागेत नाहीतर बंगल्याच्या आवारात एकेकटं दिसतं, म्हणजे कोणीतरी हौसेनं लावलेलं.

आलं कसं यावर मात्र बराच वाद आहे. अरब व्यापाऱ्यांनी आणलं हे जुनं मत, पोर्तुगीजांनी आणलं हे दुसरं, आणि वसई १५३४ ते १७३९ त्यांच्याकडे होती नि तिथल्या किल्ल्यात ही झाडं आहेत म्हणून ते पटकन पटतंही. तिसरं मत हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी लोकांनी आणलं असं; सिद्दी १६८९-९० मध्ये माझगावात ठाण मांडून होते, पण तेवढ्यावरून झाडांचं श्रेय त्यांना देणं जरा ओढूनताणून वाटतं. २०१५ च्या एका जनुकीय अभ्यासात भारतातल्या झाडांचं नातं मुख्यतः मोझांबिककडच्या किनाऱ्याशी आणि थोडंफार पश्चिम आफ्रिकेशी जुळलं, त्यामुळे बिया वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या हातांनी आल्या हेच जास्त पटण्यासारखं.

वयाचंही तसंच. खोडाचा घेर बघून तीनशे-चारशे वर्षं सांगून टाकतात, पण लाकूड स्पंजासारखं, पाणी भरलं की फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, कधी दोन-तीन खोडं जुळून एकच दिसतं, आत पोकळही असतं, मग खोडातली वाढीची वलयं मोजणार कुठे? लाकडातल्या कार्बनवरून वय काढायची रेडिओकार्बन पद्धत त्यातल्या त्यात भरवशाची.

राणीच्या बागेत गोरखचिंच सहज बघायला मिळते. ही बाग शिवडीहून हलवून भायखळ्याला माउंट इस्टेटच्या जमिनीवर वसवली, १८६२ मध्ये खुली झाली. मोठी पांढरी लोंबती फुलं संध्याकाळी उमलतात, वटवाघळं येतात, दुसऱ्या दिवशी सडा. बघायचं तर अंधार पडताना जावं, पण बाग तेव्हा बंद होते हीच अडचण.

सांताक्रूझला एस. व्ही. रोडवरचं जुनं झाड मे २०२४ मध्ये मेट्रोच्या कामासाठी तोडलं गेलं, फार वाईट झालं ते. खरं तर राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांपुढचं झाड वारसा वृक्ष ठरतं.