जॅझ ऐकायला बसताना: 'मोडल म्हणजे राग' हा घोळ कुठून आला

आपल्या जळगाव-धुळ्याकडचं कुणी नव्याने जॅझ ऐकायचं म्हणालं की त्याला हमखास माइल्स डेव्हिसची १९५९ ची 'काइंड ऑफ ब्लू' ही रेकॉर्ड सुचवतात आणि वर सांगतात, ही मोडल आहे, म्हणजे आपल्या रागासारखीच. रेकॉर्ड बरोबर सुचवतात, पुढच्या वाक्याने मात्र माणूस चुकतो.

अमेरिकेतलं न्यू ऑर्लीन्स, तिथले ब्रास बँड, जॅझचा जन्म वगैरे सगळ्यांना माहितीये, त्यात शिरत नाही. जॅझची पहिली रेकॉर्ड १९१७ ची. पुढे तीसेक वर्षं मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तव्यावर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळायची, त्यात सगळ्यांनी वाजवायचं. १९४८ ला एलपी, म्हणजे जास्त वेळ चालणारी रेकॉर्ड, आली तेव्हा कुठे लांब वाजवायला जागा झाली. मधे १९४२ च्या ऑगस्टपासून वादकांच्या युनियनने रॉयल्टीवरून रेकॉर्डिंगच बंद केलं आणि नेमका तेव्हाच न्यूयॉर्कमधे बीबॉप हा जॅझचा नवा, वेगवान प्रकार घडत होता, त्यामुळे तो कसा घडला ते आज फारसं ऐकायलाच मिळत नाही, नवा माणूस एकदम १९४५ च्या त्या सुसाट वाजवण्यावर जाऊन आदळतो. दर दोन-चार मात्रांना कॉर्ड (एकत्र वाजणारे काही सूर) बदलणार, वाजवणाऱ्याने त्यामागे पळायचं.

१९५९ मधे 'काइंड ऑफ ब्लू'वर माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवाल्याने हे पळणं थांबवलं. कॉर्ड कमी, एकाच स्केलवर (सुरांच्या एका ठरावीक संचावर) बराच वेळ राहायचं. त्या स्केललाच मोड म्हणतात, म्हणून मोडल. न्यूयॉर्कच्या एका जुन्या चर्चमधल्या स्टुडिओत मार्च आणि एप्रिलच्या दोन दिवसांत सगळं उरकलं.

आता त्या रेकॉर्डचा पहिला तुकडा, 'सो व्हॉट', घ्या. त्याचे सूर काफी थाटाचे (थाट म्हणजे नुसता सुरांचा संच), ग आणि नी कोमल, इथपर्यंत रागवाल्यांचं खरं आहे. पण त्याचं आवर्तन ३२ बारचं, म्हणजे १२८ मात्रांचं. पहिल्या ६४ मात्रा एका सा वर, पुढच्या ३२ मात्रा अख्खं स्केल अर्धा सूर वर सरकतं, सा सकट, आणि शेवटच्या ३२ ला परत खाली. रागात सा हलला तर तानपुऱ्याने करायचं काय? शिवाय रागाला राग करणाऱ्या गोष्टीच नाहीत: वादी-संवादी (मुख्य सूर) नाही, पकड (ओळखीची सुरावट) नाही, गायची ठरलेली वेळ नाही, चलन (सुरांची चाल) नाही. फार तर थाट म्हणा, राग म्हणू नका, कारण राग म्हटलं की माणूस आलाप रंगायची वाट बघत बसतो आणि ती सरकण्याची जागा, जिच्यावर सगळा तुकडा उभा आहे, ती कानावरून निघून जाते.

आमच्या गावच्या बँडमधे क्लॅरिनेट वाजवणाऱ्या एका काकांना मी काही न सांगता हे ऐकवलं. जागा आली तसे ते लगेच म्हणाले, "सूर सरकना ना भो." वरातीत अहिराणी गाणी वाजवून तयार झालेला कान तो, त्याला राग-बिग सांगावं लागलं नाही.

आणि ही वाद्यं आपल्याला परकी नाहीतच. १९३५ ला मुंबईच्या एका बड्या हॉटेलात अमेरिकेहून काळ्या वादकांचा बँड आला, त्यांच्यासोबत आणि त्यांचं ऐकून गोव्याचे वादक तयार झाले, पुढे त्यातलेच कितीतरी हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले, आणि त्या गाण्यांमधला सॅक्सोफोन-ट्रम्पेट आपले लग्नातले बँडवाले वाजवत आले. १९७८ पासून मुंबईत जॅझचा मोठा महोत्सवही सुरू झाला, पण खान्देशात कान तयार केला तो वरातीनेच असं माझं ठाम मत आहे.

पेटीवर सूर लावून ताडून बघणार असाल तर 'काइंड ऑफ ब्लू'ची १९९२ नंतरची, वेग दुरुस्त केलेली प्रत घ्या. मार्चच्या त्या दिवशी रेकॉर्डिंगचं टेप मशीन जरा हळू फिरत होतं, ते नेहमीच्या वेगाने वाजवलं की सूर वर जातात, त्यामुळे आधीच्या प्रतींमधे पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे किंचित चढे वाजतात आणि पेटीशी जुळतच नाहीत.