सोलर कंट्रोलर बॅटरीला वाचवतो, पण इन्व्हर्टरपासून नाही

पुण्याच्या तपकीर गल्लीत सोलरचं सामान घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बघा. पॅनल किती वॅटचं, कुठल्या कंपनीचं, वॉरंटी किती यावर अर्धा तास घासाघीस, बॅटरीसाठी आणखी दोन दुकानं पालथी, आणि निघता निघता "हां, तो कंट्रोलर पण टाका एक, स्वस्तातला". आता या सगळ्या सामानात सगळ्यात आधी मरते ती बॅटरी, आणि ती किती वर्षं जगणार हे बऱ्यापैकी त्या निघता निघता घेतलेल्या, पॅनल आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग आवरणाऱ्या डब्यावर ठरतं.

मुळशी, वेल्हे, भोरकडच्या शेतघरांवर जिथे महावितरणची लाईन आलीच नाहीये, तिथे हा सेटअप सगळीकडे सारखाच असतो: पत्र्यावर पॅनल, खाली ट्यूब्युलर म्हणजे लेड ॲसिडचीच बॅटरी, मधे कंट्रोलर. मग मधला डबा काढून पॅनल डायरेक्ट बॅटरीला जोडलं तर काय होतं? चार्जिंग होतं की, मस्त होतं, आणि थांबतच नाही हाच प्रॉब्लेम आहे. "१२ व्होल्टचं" पॅनल नावालाच १२ चं असतं, आत ३६ सेल असतात आणि काही न जोडता उन्हात मल्टिमीटर लावला तर २१-२२ व्होल्ट दिसतात. ते तसं असावंच लागतं, कारण १२ व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी पूर्ण भरायला १४ च्या वर व्होल्टेज लागतं. पण भरल्यावरही करंट घुसत राहिला की साधारण १४.४ च्या पुढे आतल्या पाण्याचं विघटन जोरात व्हायला लागतं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतो, पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात, झिजतात. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीला पेट घेतो, म्हणून बंद खोलीत बॅटरी ठेवू नका म्हणतात ते उगाच नाही.

कंट्रोलर हे चार्जिंग टप्प्याटप्प्याने करतो. सकाळी पॅनल देईल तेवढा सगळा करंट बॅटरीत, याला बल्क म्हणतात. १४.४ ला पोचलं की तो व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो आणि करंट हळूहळू कमी होत जातो, हा ॲब्सॉर्प्शन. स्वारगेटला पीएमपीची बस भरते तसंच हे, पहिल्या सीटा झटक्यात भरतात, शेवटच्या दहा माणसांना कंडक्टर पुढे सरका पुढे सरका करत वेळ घेतो. बॅटरीचा शेवटचा वीसेक टक्के भाग असाच तास दोन तास खातो, आणि तो रोज अर्धवट राहिला तर प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं. मग १३.५-१३.८ वर फ्लोट, म्हणजे नुसतं टिकवून धरणं. रात्री पॅनलकडे उलटा करंट जाऊ न देणं हेही कंट्रोलरच बघतो.

आता यातली एक गोष्ट आपल्याकडे कोणी बघतच नाही. १४.४ हा आकडा २५ डिग्रीचा आहे! बॅटरी गरम असेल तर कमी व्होल्टेज लागतं, थंड असेल तर जास्त, १२ व्होल्टच्या बॅटरीला डिग्रीमागे साधारण ०.०३ व्होल्ट धरा. म्हणजे पुण्यात एप्रिल-मेमधे बॅटरी ४० डिग्रीला असताना १४ च्या आसपास थांबायला हवं आणि डिसेंबरच्या पहाटे १० डिग्रीला १४.८ पर्यंत जायला हवं. चांगल्या कंट्रोलरला बॅटरीला चिकटवायचा सेन्सर येतो, स्वस्तातल्यात तो डब्याच्या आतच असतो. मग डबा तापलेल्या पत्र्याच्या भिंतीवर आणि बॅटरी खाली गार फरशीवर असली की कंट्रोलरला वाटतं बॅटरी तापलीये, आणि तो ती रोज थोडी उपाशी ठेवतो. डबा आणि बॅटरी एकाच सावलीत ठेवणं फुकट आहे, एवढं तरी करा.

कंट्रोलर दोन प्रकारचे मिळतात, मग पीडब्ल्यूएम घ्यावा की एमपीपीटी, हा प्रश्न तर हमखास येतो. पीडब्ल्यूएम म्हणजे वेगाने चालू-बंद होणारा स्विच, तो पॅनलला खाली ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो. एमपीपीटी पॅनलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देतो आणि जास्तीच्या व्होल्टेजचं करंटमधे रूपांतर करतो. १०० वॅटचं पॅनल १८ व्होल्टला साडेपाच अँपिअर देतं, १३ व्होल्टच्या बॅटरीवर पीडब्ल्यूएमने त्यातले ७० च्या आसपास वॅट मिळतात, एमपीपीटीने ९० च्या वर. पण हा हिशोब थंड पॅनलचा. मे महिन्यात दुपारी पॅनल साठ-पासष्ट डिग्रीला तापतं, तेच १८ व्होल्ट १५ वर येतात, आणि मग दोघांत फारसा फरक उरत नाही. त्यामुळे ३६ सेलच्या छोट्या पॅनलला एमपीपीटीवर जास्त पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र हल्ली मिळणारी ५४० वॅटची मोठी पॅनलं ४० व्होल्टच्या आसपास चालतात, ती पीडब्ल्यूएमने १२ च्या बॅटरीला लावली तर जवळपास दोन तृतीयांश वॅट वायाच जातात, आणि इतकं व्होल्टेज स्वस्त डब्याला झेपत नाही तो जळतो ते वेगळंच. तिथे एमपीपीटीच. आणि नुसतं वर छापलंय म्हणून एमपीपीटी समजू नका, आत जाड तारेची कॉइल असते त्यामुळे खरा डबा हाताला जड लागतो.

हे झालं भरण्याचं. खरं नुकसान मात्र उपसण्याच्या बाजूने होतं. कंट्रोलरवर लोड असं लिहिलेले दोन टर्मिनल असतात, तिथे डीसी बल्ब लावले तर साधारण ११ व्होल्टला तो पुरवठा तोडतो. पण मिक्सर, फ्रिज, टीव्ही चालवायचा इन्व्हर्टर त्या टर्मिनलवर लावता येत नाही, एवढा करंट त्याला सोसत नाही, म्हणून इन्व्हर्टर थेट बॅटरीला जातो. म्हणजे कंट्रोलर सकाळपासून पहारा देतो आणि मागचं दार सताड उघडं! इन्व्हर्टर स्वतः तोडतो, पण बऱ्याच इन्व्हर्टरमधे तो आकडा १०.५ च्या आसपास असतो आणि तोवर लेड ॲसिड बॅटरी जवळपास रिकामी झालेली असते. वेल्ह्याला जुलैमधे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, पॅनल दहा-वीस टक्क्यांवर आलेलं, टीव्ही मात्र रोजच्यासारखाच, अशी बॅटरी एका पावसाळ्यात बसते आणि दोष कंट्रोलरला मिळतो. इन्व्हर्टरला कट-ऑफचं सेटिंग असेल तर ते ११.५ च्या पुढे न्या, नसेल तर बाजारात वेगळा लो व्होल्टेज कट-ऑफ मिळतो तो मधे टाका.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली तर कंट्रोलरमधे तो मोड निवडायलाच हवा, तापमानाची भरपाई बंद, इक्वलायझेशन तर नक्कीच बंद. इक्वलायझेशन म्हणजे मुद्दाम १५ च्या वर नेऊन प्लेटा ढवळून काढणं, ते फक्त पाणी टाकायच्या बॅटरीसाठी असतं, सील्ड किंवा जेलला लावलं तर ती गेलीच समजा. लिथियमच्या आत बीएमएस, म्हणजे धोका दिसला की बॅटरी तोडणारं सर्किट असतं, पण ती शेवटची कडी आहे. भर उन्हात चार्जिंग चालू असताना त्याने सर्किट तोडलं तर कंट्रोलरसमोरची बॅटरीच गायब होते आणि व्होल्टेजचा झटका लोडवर जातो.

जोडणीचा क्रम पण यातूनच येतो: आधी बॅटरी, मग पॅनल, कारण कंट्रोलर १२ ची सिस्टीम आहे की २४ ची हे बॅटरीवरून ओळखतो. काढताना उलट, आधी पॅनल. आणि फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात लावा, कंट्रोलरजवळ नको, कारण शॉर्ट झालं तर शेकडो अँपिअर बॅटरीतूनच येतात आणि फ्यूजच्या आधीची वायर कोणीच वाचवत नाही.