मक्याचा मुरघास

हिरव्या चाऱ्याची कुट्टी करून ती हवाबंद जागी दाबून आंबवली असता जी टिकाऊ वैरण तयार होते, तिला मुरघास म्हणतात. फ्रान्समध्ये ऑगस्ट गोफार यांनी मक्याच्या मुरघासावर प्रयोग करून १८७७ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर ही पद्धत युरोप-अमेरिकेत झपाट्याने पसरली. महाराष्ट्रात उन्हाळ्यातील चाराटंचाईवरचा उपाय म्हणून ती विशेषतः दुग्धव्यवसाय करणाऱ्या भागांत रुळली आहे.

ज्वारी, बाजरी, ओट यांचाही मुरघास होतो. तथापि मका सर्वांत सोयीचा, कारण त्यात विद्राव्य शर्करा भरपूर असते आणि आम्लता वाढण्यास विरोध करणारी प्रथिने व क्षार तुलनेने कमी असतात. लसूणघासाचे नेमके याच्या उलट असल्याने तो एकटा नीट मुरत नाही.

मुरघासाची प्रत मुख्यतः कापणीच्या वेळी ठरते. कणीस मधोमध मोडून दाणे पाहिले असता दाण्याच्या वरच्या टोकाकडून कणसाच्या गाभ्याकडे सरकणारी पिष्ट व चीक यांमधील सीमारेषा दिसते. ती निम्म्यावर आली की सर्वसाधारणपणे संपूर्ण झाडात ३० ते ३५ टक्के शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरणारा भाग) असतो आणि तीच कापणीची योग्य वेळ होय. वैरणीची निकड असली की तुरा येताच मका कापण्याकडे कल असतो, परंतु अशा कोवळ्या मक्यातून पाणी झिरपून पोषक द्रव्ये वाहून जातात, क्लॉस्ट्रिडियम जीवाणू वाढून ब्युटिरिक आम्ल तयार होते आणि वैरणीला कुजकट, उग्र वास येतो. कुट्टी मुठीत घट्ट दाबून पाहावी. बोटांतून रस ठिबकला तर ती फार ओली, मूठ उघडताच भुसभुशीत होऊन विखुरली तर फार कोरडी, आणि गोळा हळूहळू सुटत गेला तर योग्य.

कुट्टी १ ते २ सेंटिमीटर लांबीची असावी. खड्ड्यात किंवा जमिनीवरील बांधीव बंकरमध्ये ती पातळ थरांत पसरून प्रत्येक थरावर ट्रॅक्टर फिरवतात. एका घनमीटरमध्ये साधारण ६०० ते ७०० किलो कुट्टी बसली तर दाब पुरेसा समजावा. छोट्या गोठ्यांसाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या सोयीच्या असतात, मात्र उंदराने पाडलेले लहानसे भोकही आतला माल बुरशीला देते. भरणे लवकर संपवून वर प्लॅस्टिकचा कागद पसरावा व त्यावर वजन ठेवावे. आत उरलेला प्राणवायू संपताच लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू वाढतात आणि सामू (आम्लतेचे माप, pH) ४ च्या आसपास उतरून आंबण्याची क्रिया थांबते. गूळ, मीठ व जीवाणू-संवर्धक (आंबवण्यासाठी मिसळलेले उपयुक्त जीवाणू) यांवर शेतकऱ्यांचा बराच भर असतो. पण योग्य अवस्थेतील मक्याला गुळाची गरज नसते, आणि अपुऱ्या दाबाची उणीव तर कोणतेही संवर्धक भरून काढत नाही.

सुमारे ४५ दिवसांनी मुरघास वापरता येतो. तो पिवळसर हिरवा आणि आंबूस वासाचा असावा. तोंड उघडल्यावर हवा आत जाऊन यीस्ट वाढतात व वैरण तापते, म्हणून उष्ण हवामानात रोज निदान १५ सेंटिमीटरचा थर पूर्ण रुंदीभर काढून तोंड पुन्हा झाकावे. बुरशी धरलेला भाग, विशेषतः गाभण जनावरांना, देऊ नये. मक्याच्या मुरघासात प्रथिने शुष्क भाराच्या ८ टक्क्यांच्या आसपासच असल्याने दुभत्या गाईला सोबत पेंड किंवा द्विदल चारा द्यावा लागतो.