बोलणारा बसला, आवाज उभाच

तासाभराच्या एका भाषणाचं रेकॉर्डिंग परवा मी दुसऱ्या फॉरमॅटमध्ये नेलं. सुरुवातीची दहा सेकंदं पाहिली, ओठ आणि आवाज नीट जुळत होते, म्हणून निर्धास्त झालो. शेवट उघडला तर वक्ता खुर्चीत जाऊन बसलेला आणि त्याचा आवाज अजून समारोप करतोय! साडेतीन सेकंदांचा फरक. अशा वेळी ‘फाइल करप्ट झाली’ असं सर्रास म्हटलं जातं. पण इथे बिघडला होता तो फक्त हिशेब, आणि ती चूक पैन्‌पै सांगता येते.

व्हिडिओ फाइल हा एक डबा असतो. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही डब्यांची नावं. आत चित्र आणि आवाज वेगवेगळे ठेवलेले असतात. बहुतेक आधुनिक डब्यांत प्रत्येक फ्रेमचा, म्हणजे एकेका स्थिर चित्राचा, आणि आवाजाच्या प्रत्येक तुकड्याचा वेळशिक्का ठरलेला असतो: मला अमुक क्षणी दाखवा, मला अमुक क्षणी वाजवा. प्लेअर हे शिक्के पाहूनच दोघांना एकत्र चालवतो.

एमपीईजी या व्हिडिओ-मानकाच्या प्रवाहात या शिक्क्यांसाठी सेकंदाचे ९०,००० ठोके धरतात. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला ३,००० ठोके येतात. पुष्कळ कॅमेरे मात्र ३०,००० भागिले १,००१, म्हणजे सुमारे २९.९७ फ्रेम या वेगाने चित्रण करतात. या विचित्र आकड्याचं मूळ १९५३ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या रंगीत टीव्हीच्या मानकात आहे. तेच प्रक्षेपण जुन्या कृष्णधवल संचांवरही दिसायला हवं होतं. रंगाची लहर आणि आवाजाची लहर यांच्या मिसळण्यातून पडद्यावर नक्षी उमटू नये म्हणून चित्राचा वेग हजारात एक भागाने उतरवला. आता ९०,००० ठोक्यांच्या घड्याळात अशी एक फ्रेम किती जागा घेते? बरोबर ३,००३ ठोके. एवढा वेडावाकडा वेग, तरी अपूर्णांक उरत नाही! मला हे गणित फार सुंदर वाटतं.

माझ्या कन्व्हर्टरने सरळ ३० धरले होते. दर फ्रेममागे तीन ठोके गळाले. तासाभरात १,०७,८९२ फ्रेम, म्हणजे ३,२३,६७६ ठोके, म्हणजे जवळपास ३.६ सेकंद. चित्र तेवढं लवकर संपलं. आवाजाला फ्रेमशी देणंघेणं नसतं. तो सेकंदाला ४८,००० नमुने (ध्वनिलहरीची मोजमापं) या आपल्या चालीने चालत राहिला.

मग सुरुवातीला का कळलं नाही? लांबवर कुणी लाकूड फोडत असेल तर घाव आधी दिसतो, आवाज मागून येतो. त्यामुळे मागे पडलेला आवाज मेंदू खपवून घेतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की जाणवतो, मागे मात्र १२५ पर्यंत लक्षात येत नाही. माझ्या फाइलमध्ये तेवढा फरक पडायला दोन मिनिटं लागणार होती. मी पाहिली दहा सेकंदं.

फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर आवाज तेवढा सरकवला की भागतं. वाढत जात असेल तर सरकवून काही होत नाही, वेगच दुरुस्त करावा लागतो. फोनच्या चित्रणात आणखी एक भानगड असते: अंधुक उजेडात फोन फ्रेमचा वेग मधेच कमी करू शकतो. अशा फाइलचे शिक्के न वाचता नुसत्या फ्रेम मोजल्या की घोळ ठरलेला. एव्हीआयचा डबा मुळात ठरावीक वेगाने फ्रेम मोजणारा, त्यामुळे असं चित्रण त्यात घालू नये.

‘एका क्लिकमध्ये फॉरमॅट बदला, दर्जा वाढवा’ या जाहिरातींवर कृपा करून विश्वास ठेवू नका. नेहमीच्या पद्धतीने पुन्हा एन्कोड केलं, म्हणजे चित्र-आवाज नव्याने दाबून साठवले, की तपशील थोडे कमीच होतात. फक्त डबा बदलायचा असेल तर एफएफएमपेगसारख्या साधनात चित्र आणि आवाज जसेच्या तसे कॉपी करता येतात.

मी मूळ फाइल पुन्हा घेतली, वेगाच्या जागी ३००००/१००१ लिहिलं आणि या वेळी शेवटचं मिनिट आधी उघडलं. समोरच्या रांगेतल्या एकाची पहिली टाळी. तळवे भिडले त्याच फ्रेमखाली आवाजाच्या आलेखाचा सुळका उभा होता.